रोहूच्या खाद्यात जवस

ठाण्यात, कल्याणात किंवा डोंबिवलीत रविवारी सकाळी मासळी बाजारात शिरलं, की एकाच छपराखाली दोन बाजार भरलेले दिसतात. एकीकडे बांगडा, बोंबील, मांदेली, सुरमईच्या तुकड्या आणि पाय बांधलेल्या चिंबोऱ्या. दुसरीकडे बर्फात आडवे पडलेले रोहू, कटला, पंगस आणि लाल पोटाचा रूपचंद. हा दुसरा बाजार तळ्यांचा. त्यातला बराचसा माल आंध्रातल्या भीमावरम, कैकलूरच्या पट्ट्यातून हजारेक किलोमीटरचा रस्ता कापून येतो, काही उजनीकाठच्या भिगवणहून. बंगाली, बिहारी, उत्तर प्रदेशी कुटुंबं या शहरांत स्थिरावली तसं या माशांना हक्काचं गिऱ्हाईक मिळालं. पापलेट-सुरमईचे भाव आवाक्याबाहेर गेले, की मराठी घरंही या गाळ्यांकडे वळतात.

देशाचा हिशेब पाहिला तर हा बाजार आता धाकटा राहिलेला नाही. २०२२-२३ मध्ये भारताचं मत्स्योत्पादन सुमारे १७५ लाख टन होतं. त्यातले १३१ लाख टन तळी, धरणं, नद्या आणि खाजणांतून आले.

तरीही या माशाबद्दल किनाऱ्यावरच्या माणसाचा शेरा ठरलेला असतो: मांस भुसभुशीत, चव पाणचट, वर चिखलाचा वास. मत्स्यपोषणाच्या शास्त्राचं म्हणणं असं, की खाद्यातली चरबी बदलली तर माशाचं मांसही बदलतं. ते नेमकं किती बदलतं, कोणाच्या फायद्याचं बदलतं आणि त्याची किंमत कोण मोजतं, यावर एकाच घरात मामा आणि भाची असे दोन पक्ष आहेत. मामा ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातले. तरुणपणी खाडीत होडी घातलेली. मामी अजून पाटी घेऊन बाजारात बसते. भाची डोंबिवलीत वाढली आणि वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत मत्स्यपोषण शिकली.

“मासा खातो तसं त्याचं मांस होतं, हे मला नको शिकवू,” मामांनी पहिल्यांदाच बजावलं. “खाडीतला जिताडा कोळंबी खातो, बोय खातो, म्हणून तो जिताडा लागतो. तुझा तळ्यातला मासा कोंडा खातो. त्या कोंड्यावर चमचाभर तेल ओतलं म्हणून तो जिताडा होणार आहे का गो?”

“जिताडा नाही होणार मामा, पण चांगला रोहू होईल. तू जे जिभेने सांगतोस तेच मी यंत्रावर मोजते. आपलं भांडण तिथे नाहीच.”

समोर ताटात रोहूची ताजी तुकडी होती. भाचीने ती उजेडाकडे वळवली. कोयत्याने आडव्या कापलेल्या तुकडीत मांसाच्या वळ्या एकात एक बसलेल्या दिसतात आणि दोन वळ्यांच्या मध्ये पातळ पांढुरका पडदा असतो. हा पडदा मुख्यतः कोलॅजेनचा. कालवण उकळलं की तो विरघळतो आणि मांस पाकळ्यांनी सुटतं. कातडीच्या आत, अंगाच्या मध्यरेषेवर, गडद तपकिरी मांसाचा पट्टा असतो. संथ, सतत पोहण्याचं काम या पट्ट्याचं. त्यात चरबीही जास्त. बाकीची साठवणीची चरबी पडद्यांच्या कडेने, पोटाच्या पातळ भागात आणि आतड्यांभोवती बसते.

“ही साठवणीची चरबी खाद्याची जवळजवळ नक्कल असते,” ती म्हणाली. “खाद्यात जी मेदाम्लं जास्त, तीच इथे येऊन बसतात. पेशींच्या आवरणातली चरबी मात्र मासा सहजासहजी बदलू देत नाही. तिथलं डीएचए, म्हणजे ओमेगा-३ गटातलं लांब साखळीचं मेदाम्ल, तो धरून ठेवतो, कारण त्याच्या पेशी त्यावर चालतात. म्हणून खाद्य बदललं की आधी साठा बदलतो, आवरणं मागून आणि थोडी.”

आता आंध्रातल्या तळ्यावर काय होतं ते पाहायला हवं. तिथल्या रोहू-कटल्याच्या शेतीत वर्षानुवर्षं मुख्य खाद्य आहे ते तेल काढून घेतलेला भाताचा कोंडा, जोडीला भुईमुगाची किंवा सरकीची पेंड. बारीक भोकं पाडलेल्या पोत्यांत हे खाद्य भरतात आणि पोती तळ्यात रोवलेल्या बांबूंना टांगतात. मासे येऊन भोकांतून खाद्य ओढून घेतात. पद्धत स्वस्त आहे, नासाडी कमी होते आणि मासा भराभर वजन धरतो. पण कोंड्यात उरलेली थोडी चरबी आणि पेंडीतली चरबी ही मुख्यतः ओलेइक आणि लिनोलेइक आम्लाची. ओमेगा-३ गटातली मेदाम्लं त्यात नावालाच. शिवाय पिष्टमय खाद्य जास्त झालं, की मासा जादा ऊर्जेची चरबी करून पोटात साठवतो. आतडी काढताना हाताला लागणारी ती पिवळट चरबी कोळीण फेकून देते. त्या चरबीच्या वजनाचे पैसे मात्र गिऱ्हाइकाने दिलेले असतात.

मामांनी इथे आपला मुद्दा पकडला. “मग आमची जुनी तळी काय वाईट होती? शेण टाकायचे, पाणी हिरवं व्हायचं, मासा त्यातच वाढायचा. वेळ लागायचा, पण मांस घट्ट असायचं.”

भाचीने ते लगेच मान्य केलं. पाण्याला हिरवा रंग आणणाऱ्या सूक्ष्म शैवालातच ओमेगा-३ची मूळ पेढी आहे. समुद्रातली तारलीही आपलं ईपीए आणि डीएचए, म्हणजे लांब साखळीची ओमेगा-३ मेदाम्लं, शेवटी शैवालाकडूनच घेते. तारलीत ती प्लवकांच्या साखळीतून येतात. कटला वरच्या थरातले प्राणिप्लवक खातो, रोहू मधल्या थरात चरतो, मृगळ तळ उकरतो. ज्या तळ्यात प्लवक भरपूर असतात त्या तळ्यातला मासा सडपातळ असतो, पण त्याच्या थोड्याशा चरबीत ओमेगा-३चं प्रमाण चांगलं असतं. धान्यावर वाढलेला मासा लठ्ठ होतो आणि त्याची चरबी धान्याची होते. युरोपात सायप्रिनसवर, म्हणजे कॉमन कार्पवर, झालेल्या अभ्यासांत हे स्पष्ट दिसलं आहे.

“पण हिरव्या पाण्यात एकरी मासा किती निघतो ते तुला माहीत आहे,” ती पुढे म्हणाली. “तेवढ्यावर डोंबिवलीची एक गल्लीही जेवणार नाही. मासा दाटीने वाढवायचा असेल तर प्लवक पुरत नाहीत, बाहेरचं खाद्य लागतं. मग ते खाद्य कसलं असावं, एवढाच माझा प्रश्न आहे.”

तिचं उत्तर जवस आहे. चटणीसाठी मराठी घराला माहीत असलेलं, विदर्भातल्या शेतात रब्बीला येणारं जवस. त्याच्या तेलात निम्म्याच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक आम्ल असतं. हे ओमेगा-३ गटातलं लहान साखळीचं मेदाम्ल. रोहू, कटला, सायप्रिनस यांसारख्या गोड्या पाण्यातल्या माशांच्या यकृतात या साखळीला लांबवून, तिच्यात नवे दुहेरी बंध घालून ईपीए आणि डीएचए तयार करणारी विकरं असतात. माणसाच्या शरीरातही ती आहेत, पण आपलं काम फार तोकडं. सायप्रिनसला निरोगी वाढीसाठी खाद्याच्या साधारण १ टक्का लिनोलेइक आणि १ टक्का लिनोलेनिक आम्ल लागतं, हे जपानी संशोधकांनी १९७०च्या दशकातच दाखवलं होतं. म्हणजे आंध्रातल्या कोंड्यात जे कमी पडतं, नेमकं तेच जवसात भरपूर आहे.

चेक प्रजासत्ताकात हे बाजारापर्यंत पोचलं आहे. तिथे नाताळच्या जेवणात सायप्रिनस लागतोच. दक्षिण बोहेमिया विद्यापीठाच्या मत्स्यविज्ञान शाखेने धान्याऐवजी जवस आणि मोहरीवर्गातल्या रेपसीडची पेंड असलेल्या गोळी-खाद्यावर मासा वाढवण्याची पद्धत बसवली आणि तो ‘ओमेगा-३ कार्प’ म्हणून विकायला आला. हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या आहारात सायप्रिनस देऊन त्यांच्या रक्तातल्या मेदांवर काय परिणाम होतो, हेही तिथल्या डॉक्टरांनी तपासलं.

“मग हेच जवस माझ्या जिताड्याला घाल की,” मामा म्हणाले.

“तिथे जवस चालणार नाही,” भाची म्हणाली.

हा फरक या विषयाच्या गाभ्याशी आहे. जिताडा शिकारी मासा. तो जन्मभर दुसरे मासे आणि कोळंबी खातो, त्यांच्यातून त्याला तयार ईपीए-डीएचए मिळतं, त्यामुळे स्वतः ते बनवण्याची त्याची ताकद फारच थोडी. अलिबागजवळच्या शहापूर, धेरंड भागात घराघरांशी जिताड्याची तळी आहेत. खाडीतून पकडलेली पिल्लं त्यांत सोडतात आणि जिवंत लहान मासे खाऊ घालून वाढवतात. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे मत्स्यपालन संस्थेने १९९७ साली जिताड्याचं प्रजनन बंदिस्त जागेत करून दाखवलं, तेव्हापासून पिल्लं कारखान्यासारखी मिळू लागली आणि गोळी-खाद्याची गरज उभी राहिली. त्या गोळीत माशाचं तेल किंवा शैवालाचं तेल घालावंच लागतं. नुसत्या वनस्पती तेलावर जिताडा वाढेलही, पण त्याच्या मांसातलं डीएचए घटत जाईल.

मामा याच वाक्याची वाट पाहत होते.

“माशाचं तेल येतं कुठून? तारलीतून. म्हणजे गरिबाच्या ताटातली तारली उचलायची, कारखान्यात उकळायची, तिचं तेल श्रीमंताच्या जिताड्याला पाजायचं आणि मग म्हणायचं, बघा किती पौष्टिक मासा केला. त्यापेक्षा तारलीच का नाही खाल्ली? पावसानंतरची तारली चुलीवर धर. तिचं तेल निखाऱ्यावर ठिबकायला लागतं. ते तेल कोणी खाद्यात मिसळलेलं नसतं.”

यात तथ्य आहे, आणि भाचीने ते टाळलं नाही. भारतातल्या ३९ प्रकारच्या खाद्य माशांची मेदाम्लं मोजणारा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात ईपीए आणि डीएचएच्या बाबतीत तारली आणि पाला म्हणजे हिल्सा वरच्या रांगेत आहेत. किनाऱ्यावर मासळीची कुटी आणि तेल काढणारे कारखाने आहेत, आणि तारली ही त्यांची आवडती कच्ची वस्तू. तारलीचं पीक मात्र बेभरवशाचं. केरळात २०१२ साली ती जवळपास ४ लाख टन मिळाली होती. २०२१ मध्ये ती ३,३०० टनांच्या आसपास आली. या घटीत हवामान आणि समुद्राच्या तापमानाचा वाटा मोठा आहे, पण एवढ्या लहरी माशावर जगभरच्या मत्स्यशेतीचं खाद्य टेकवता येणार नाही, हे त्यातून कळतं.

सॅमनच्या शेतीला हे आधी कळलं. नॉर्वेत १९९० साली सॅमनच्या खाद्यातले सुमारे ९० टक्के घटक समुद्रातून आलेले होते. २०१३पर्यंत ते ३० टक्क्यांच्या आसपास उतरले. त्यांच्या जागी सोया आणि रेपसीडचं तेल आलं. समुद्रावरचा भार हलका झाला, मासा तितकाच जोमाने वाढला, आणि बिल मांसावर फाटलं. स्कॉटलंडच्या स्टर्लिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ ते २०१५ या काळातल्या ३,००० हून अधिक शेतीच्या सॅमनची तपासणी मांडली, तेव्हा ईपीए आणि डीएचएचं प्रमाण निम्म्यावर आलेलं दिसलं. २००६ साली एका तुकडीतून मिळत होतं तेवढं ओमेगा-३ मिळवायला २०१५ मध्ये दोन तुकड्या खाव्या लागत होत्या. एवढं घटूनही तो सॅमन बहुतेक माशांपेक्षा सरस आहे, हेही त्याच अभ्यासात नोंदलेलं आहे.

“म्हणजे मीच बरोबर,” मामा म्हणाले. “तेल बदललं, मासा तोच दिसला, गिऱ्हाइकाला कोणी सांगितलं नाही.”

“ते तुझं बरोबर आहे. पण त्याच विद्यापीठाचं २००३ सालचं काम बघ. मासा बराच काळ वनस्पती तेलावर वाढवला आणि विक्रीआधीचे काही महिनेच माशाच्या तेलावर ठेवला, तर मांसातलं ईपीए-डीएचए बऱ्याच अंशी परत येतं. जुनी चरबी कुठे जात नाही, नव्या चरबीत ती पातळ होत जाते. म्हणून मासा जितका सडपातळ, तितका हा बदल लवकर. आपल्या रोहूत चरबी मुळातच कमी. मग वर्षभर महागडं तेल कशाला घालायचं? शेवटच्या टप्प्यात घाल. जिताड्याला शैवालाचं तेल, रोहूला जवस. तारलीला हात लावायची गरज नाही.”

टाक्यांत वाढवलेल्या सूक्ष्मजीवांपासून डीएचए-समृद्ध तेल काढणारे कारखाने आज उभे आहेत, आणि युरोपात सॅमनच्या खाद्यात ते तेल वापरलंही जातं. त्याची किंमत भारतातल्या तळेवाल्याला परवडणारी नाही. जवसाचं तेलही स्वस्त नाही. पेंड स्वस्त पडते, पण तिच्यात चिकट द्रव्य आणि सायनाइड मुक्त करणारी संयुगं असतात, त्यामुळे ती प्रक्रिया करून आणि मर्यादेतच घालावी लागते.

वादाचा पुढचा भाग मामांच्या हद्दीतला होता. त्यांनी सरळ विचारलं, “जास्त तेलाचा मासा टिकणार कसा? बोंबील सोड, तो पाण्याचाच. पण बांगडा आणि तारली बर्फाबाहेर राहिली की आधी त्यांनाच वास मारतो. सुकवली तरी पिवळी पडते, खवट होते. तुझा जवसाचा रोहू भीमावरमवरून इथे येईपर्यंत काय होणार?”

ही हरकत पाठ्यपुस्तकात जशी लिहिली आहे तशीच आहे. मेदाम्लात जितके दुहेरी बंध जास्त, तितकं ते हवेतल्या प्राणवायूशी लवकर बिघडतं. ओलेइक आम्लात असा एक बंध असतो, लिनोलेइकमध्ये दोन, जवसाच्या लिनोलेनिकमध्ये तीन, ईपीएत पाच आणि डीएचएत सहा. म्हणजे आरोग्याच्या दृष्टीने जे मेदाम्ल सर्वांत मोलाचं, तेच साठवणीत सर्वांत नाजूक. गडद पट्ट्यातल्या मांसात लोहयुक्त रंगद्रव्य भरपूर असल्याने खवटपणा तिथून सुरू होतो. खाद्यात नुसतं ओमेगा-३ वाढवलं, तर शीतगृहात ठेवलेल्या तुकड्या लवकर उतरतात, पाणी सोडतात, रंग मावळतो. मांसाची प्रत वाढवायला घातलेलं तेल बाजारात पोचेपर्यंत प्रत घटवू शकतं.

यावरचा उपाय खाद्यातच आहे: तेलाबरोबर जीवनसत्त्व ई. खाद्यात ते जितकं वाढवावं तितकं मांसात साठतं आणि मेदाम्लांच्या आधी स्वतः झिजून त्यांना वाचवतं. सॅमन, ट्राउट, सायप्रिनस अशा अनेक माशांवर हे पुन्हापुन्हा दिसलं आहे. पण खाद्यातच शिळं, खवट झालेलं तेल वापरलं तर जीवनसत्त्व ई तिथेच संपून जातं. तळ्याकाठच्या पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळ्यात महिनाभर पडलेलं गोळी-खाद्य हा म्हणूनच खरा धोका आहे.

“आणि बर्फ,” मामा म्हणाले. “मासा पाण्याबाहेर काढल्या काढल्या बर्फात गेला पाहिजे, त्यातही बर्फाचं पाणी खाली निथळलं पाहिजे. बर्फ कमी घातला तर तुझं ई-बी काही कामाचं नाही.”

भाचीने यावर वाद घातला नाही. तडफडून, दमून मेलेल्या माशाच्या स्नायूतला साखरेचा साठा आधीच संपलेला असतो. तो लवकर ताठरतो, लवकर सैल पडतो आणि त्याचं मांस लवकर मऊ होतं. शेतीच्या माशाला ‘भुसभुशीत’ म्हणतात त्यामागे पुष्कळदा हे कारण असतं. जाळं ओढायच्या आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवणं, गर्दीत फार वेळ न ताटकळवणं, लगेच बर्फ, यांनी मांसाचा घट्टपणा जितका राखला जातो तितका कुठल्याही तेलाने राखला जात नाही.

तेलाकडून काय मागायचं आणि काय मागायचं नाही, हे इथे स्पष्ट होत गेलं. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात झोंगशानकडे गवत्या माशाला विक्रीआधी काही महिने बाकल्याच्या बिया खाऊ घालतात. त्याचं मांस इतकं कुरकुरीत होतं, की ते वेगळ्या नावाने आणि चढ्या भावाने विकलं जातं. तिथे बदल होतो तो स्नायूंच्या तंतूंत आणि कोलॅजेनमध्ये. खाद्याने पोत बदलता येतो याचा तो ठळक दाखला आहे, पण तो चरबीचा परिणाम नव्हे. चरबी वाढवून मांस घट्ट होत नाही. सॅमनमध्ये तर चरबी प्रमाणाबाहेर गेली की मांस मऊ, तेलकट होतं. चरबीने बदलतो तो रसाळपणा, वास, चव आणि पौष्टिकपणा.

चिखलाच्या वासाचं तर तेलाशी उलटं नातं आहे. तो वास जिओस्मिन आणि तशाच एका संयुगाचा. नीलहरित शैवाल आणि काही जिवाणू ती तयार करतात, कल्ल्यांतून ती माशात शिरतात आणि चरबीत मुरतात. लठ्ठ मासा ती जास्त धरून ठेवतो. उपाय एकच: विक्रीआधी काही दिवस मासा उपाशीपोटी स्वच्छ, वाहत्या पाण्यात ठेवायचा. यात माशाचं थोडं वजन घटतं, आणि म्हणून तळेवाला ते करत नाही.

“बघ, वजनाशी येऊन थांबलीस,” मामा म्हणाले.

“मग तूही खाडीशी येऊन थांब,” ती म्हणाली. “खाडीचा मासा चवीला चांगला, कबूल. पण ठाणे खाडीतल्या पाऱ्याची मोजमापं १९८१ सालीच शास्त्रीय नियतकालिकात छापून आली आहेत. उल्हास नदीत कारखान्यांचं काय काय सोडलं गेलं ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तळ्यातल्या माशाने काय खाल्लं ते मी निदान लिहून ठेवू शकते. खाडीतल्या माशाने काय खाल्लं ते कोण लिहिणार?”

मामा काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “त्या खाडीत आम्ही जिताडा, काळुंदर, निवट्या, सगळं मारलंय. तिची ही गत खाडीने नाही केली. खाद्यात सुधारणा करायला सरकारी योजना निघतात, तळ्याला अनुदान मिळतं, पिंजऱ्याला मिळतं. खाडी साफ झाली तर तिथला मासा फुकट ओमेगा-३ देईल, हे कोणाच्या योजनेत का नाही?”

प्रश्न रास्त आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत तळी, बायोफ्लॉक टाक्या, जलाशयातले पिंजरे, खाद्याच्या गिरण्या यांसाठी सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के साहाय्य आहे. त्याने मत्स्यशेती वाढते. उल्हासच्या मुखाशी पिढ्यान्‌पिढ्या जाळं टाकणाऱ्याची खाडी त्याने परत येत नाही. भाचीला हे पटतं. फक्त एकासाठी दुसरं थांबवावं, हे तिला पटत नाही: खाडी सुधारायला दशकं लागतील, आणि तेवढ्या काळात लाखो घरं रोहू आणि पंगसच खाणार आहेत. त्यांच्या पोरांच्या ताटात थोडं डीएचए गेलं तर ते मोलाचं आहे. प्रौढ माणसाला दिवसाला किमान २५० मिलिग्रॅम ईपीए-डीएचए मिळावं, असा जागतिक सल्ला आहे. कोंड्यावरच्या माशातून तेवढं गाठणं कठीण जातं.

मामांनी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. “आणि तो मासा तुम्ही तळणार सूर्यफुलाच्या तेलात, रव्यात घोळवून.”

हाही मुद्दा खराच. सूर्यफुलाचं तेल लिनोलेइक आम्लाने भरलेलं असतं. कमी चरबीचा रोहू भरपूर तेलात तळला, की तो ते तेल शोषतो आणि तुकडीतल्या चरबीचा तोल ओमेगा-६कडे झुकतो. तळ्यावर तीन महिने जपून घातलेलं जवस कढईत झाकलं जातं. चिंचेच्या आंबटातल्या कालवणात तसं होत नाही. जी चरबी सुटते ती रश्शातच राहते, आणि रस्सा भातावर येतो.

शेवटी बोलणं आलं ते पैशावर. तळेवाल्याला भाव किलोवर मिळतो. जवस, जीवनसत्त्व ई, चांगलं साठवलेलं खाद्य, विक्रीआधीचं स्वच्छ पाणी या सगळ्यांचा खर्च त्याच्या खिशातून जातो आणि त्यातलं काहीही काट्यावर दिसत नाही. बाजारात गिऱ्हाईक कल्ले उघडून लाली पाहतं, बोटाने मांस दाबून पाहतं, डोळा पाहतं. मेदाम्लं दिसत नाहीत. भाचीचा आग्रह असा, की अशा तळ्यांच्या प्रत्येक खेपेतले थोडे मासे प्रयोगशाळेत तपासावेत, निकाल पेटीबरोबर यावा आणि त्या माशाला किलोमागे थोडा जास्त भाव मिळावा.

“आण तुझा जवसाचा रोहू,” मामा म्हणाले. “तुझी मामी विकेल. वर पाटीही लावेल: कुठल्या तळ्याचा, काय खाऊन वाढलेला, कधी बर्फात घातलेला. पण दर बाजूच्या रोहूएवढाच ठेवेल. गरिबाने चांगला मासा खायचा तर जास्त पैसे का द्यायचे?”

“दर तोच ठेवलात तर पुढच्या खेपेला तळेवाला जवस घालणार नाही, मामा.”

“मग तो वरचा पैसा सरकारने द्यावा. तळं खणायला देतात ना? तसा खाद्याला द्यावा.”

“खाद्याला दिला तर खाद्यवाले भाव वाढवतील. तपासलेल्या मासळीला दिला तर चालेल.”

“तपासणार कोण? आणि बाजार भरतो पहाटे, तुमचे निकाल येणार दुपारी?”

भाचीने वही ओढली आणि एका पेटीतले मासे तपासायला किती वेळ आणि किती खर्च लागतो, याचा हिशेब मांडायला घेतला. मामांनी बर्फाचा आकडा आधी धरायला सांगितला.